खात्यात 3 लाख 40 हजार होते, तरी तिमाहीचं व्याज फक्त 670 रुपये?

चाळीतला_कांदा (निफाड)
सरकारी बँकेतलं साधं बचत खातं आहे. 1 ते 30 जुलै 2025 शिल्लक 40,000. लासलगावच्या कांद्याचे 3 लाख 31 जुलैला जमा झाले, म्हणजे 3,40,000. 12 ऑगस्टला खतवाल्याचे आणि मजुरीचे मिळून अडीच लाख गेले, तेव्हापासून सप्टेंबरअखेर 90,000. अडीच टक्क्याने 3,40,000 चे तिमाहीला 2,125 होतात, जमा झाले 670. बँक चुकली की माझा हिशोब? आणि दर तर 2.70 होता ना?

तिमाही_हिशोब (नाशिकरोड)
बँक बरोबर आहे दादा. व्याज सगळ्यात मोठ्या शिलकीवर नाही, रोज रात्रीच्या शिलकीवर निघतं. शिल्लक गुणिले दिवस, याला बँकेत प्रॉडक्ट म्हणतात:

40,000 × 30 = 12,00,000
3,40,000 × 12 = 40,80,000
90,000 × 50 = 45,00,000

बेरीज 97,80,000. त्याला 2.50 ने गुणून 36,500 ने भागा: 669.86. बँक पूर्ण रुपयात जमा करते, म्हणून 670. स्वतः पडताळताना एक चूक हमखास होते: पैसे आले तो दिवस धरायचा, गेले तो धरायचा नाही, कारण त्या रात्री ते खात्यात नसतात. शिवाय काही बँका व्याज महिनाअखेरीला न टाकता 25 तारखेच्या आसपास टाकतात. मग तिमाहीचे दिवस सरकतात आणि थोडाफार फरक दिसतो. त्यावरून काउंटरवर भांडू नका.

रोजच्या शिलकीचा हा नियम 1 एप्रिल 2010 पासूनचा. त्याआधी महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिलकीची रक्कम धरायचे. त्या पद्धतीने तुम्हाला याच दराने 458 मिळाले असते.

दराचं म्हणाल तर 25 ऑक्टोबर 2011 पासून बचत खात्याचा दर बँकेनेच ठरवायचा असतो. अट एवढीच की 1 लाखापर्यंत सगळ्यांना एकच दर हवा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये रेपो (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर) 6.50 वरून 5.50 वर आणला आणि स्टेट बँकेने 15 जूनपासून बचतीचा दर 2.70 वरून 2.50 केला. ठेवीचा दर मुदत संपेपर्यंत बांधलेला असतो, बचतीचा नसतो. बदलला की त्या तारखेपासून सगळ्या जुन्या शिलकीला लागू. तिमाहीच्या मधे बदलला तर दोन तुकडे करून प्रॉडक्ट काढायचं.

गंगापूररोड_27
पोस्टात टाका की, 4 टक्के आहेत.

तिमाही_हिशोब (नाशिकरोड)
4 टक्के खरे, पण पोस्ट अजून 10 तारीख ते महिनाअखेर या किमान शिलकीवरच व्याज देतं. वरचेच आकडे घ्या: जुलैचे धरणार 40,000, ऑगस्टचे 90,000, सप्टेंबरचे 90,000. तिन्हींची बेरीज 2,20,000; त्यावर 4 टक्क्याने एका महिन्याचं व्याज काढलं की पूर्ण तिमाहीचे 733 होतात. म्हणजे बँकेपेक्षा 63 रुपये जास्त, पण ते 3 लाख बारा दिवस फुकट पडून राहिले. रोजच्या शिलकीवर 4 टक्के मिळाले असते तर 1,072 झाले असते. पोस्टात भरायचे तर 10 तारखेच्या आत, काढायचे तर पुढच्या महिन्याच्या 1 ते 9 मध्ये. आणि व्याज जमा होतं वर्षाअखेर, तिमाहीला नाही.

चाळीतला_कांदा (निफाड)
समजलं. बँकेवाले ऑटो स्वीप लावा म्हणतात. आणि इथली एक पतसंस्था बचतीलाच 6 टक्के देते.

सातपूर_एमआयडीसी
स्वीप म्हणजे ठरलेल्या मर्यादेवरची रक्कम आपोआप मुदत ठेवीत जाते. जाहिरातीत वर्षाच्या ठेवीचा दर लिहितात, पण मोडली तर जितके दिवस राहिली तितक्या दिवसांच्या ठेवीचा दर मिळतो, आणि बऱ्याच ठिकाणी त्यातूनही अर्धा-एक टक्का दंड कापतात. 7 दिवसांच्या आत मोडली तर शून्य. त्यामुळे बारा दिवस थांबणाऱ्या पैशाला स्वीपचा उपयोग नाही, क्वचित बचतीपेक्षाही कमी हाती येतं. चार-सहा महिने हात न लागणाऱ्या पैशाला लावा. साधारणपणे शेवटची ठेव आधी मोडतात, तेही विचारून घ्या.

करातही फरक पडतो. बचतीच्या व्याजावर टीडीएस (बँकेने आधीच कापलेला कर) नाही आणि जुन्या करप्रणालीत 10,000 पर्यंत वजावट मिळते. स्वीपचं व्याज मुदत ठेवीचं धरतात, त्याला ही वजावट नाही. ज्येष्ठांना मात्र बचत आणि ठेव दोन्हींचं व्याज मिळून 50,000 पर्यंत वजावट.

मेनरोड_पासबुक
पतसंस्थेच्या 6 टक्क्यांबद्दल: पतसंस्थेतल्या ठेवींना डीआयसीजीसीचा (बँक ठेवींचा विमा उतरवणारं महामंडळ) 5 लाखांचा विमा नसतो. सहकारी बँकेला असतो, मुद्दल आणि व्याज मिळून, एका बँकेत एका माणसाला. पाटीवर ‘बँक’ आहे की ‘पतसंस्था’ ते आधी वाचा.

आणि स्मॉल फायनान्स बँकेची ‘7 टक्क्यांपर्यंत’ पाटी पाहिलीत तर स्लॅबचा तक्ता मागा. समजा 1 लाखापर्यंत 3 आणि त्यावर 5 टक्के असेल, तर बऱ्याच ठिकाणी 5 टक्के फक्त वरच्या रकमेला लागतात: 3,40,000 ला वर्षाचे 3,000 अधिक 12,000, म्हणजे सरासरी 4.41 टक्केच.