मदत हवी आहे : दुपारच्या सूर्यावरून अक्षांश, १६ अंशांचा घोळ

अडलेला नावाडी: पुस्तकातल्या सूत्राप्रमाणेच करतोय. ९० मधून सूर्याचा कोन वजा, त्यात क्रांती, म्हणजे सूर्य विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला आहे ते, मिळवायची. उत्तर ३१ अंश येतंय! वेग आणि दिशेच्या हिशोबाने आम्ही १५ उत्तरच्या आसपास आहोत, त्यात शंका नाही. कोन मोजायचा सेक्स्टंट बिघडलाय का? जीपीएस बघा म्हणून सांगू नका, ते मुद्दाम बंद ठेवलंय. जरा लवकर.

खारा वारा: तारीख? कोन किती? सूर्याची कुठली कड क्षितिजावर टेकवली? डोळ्याची उंची? काहीच न देता अंदाजपंचे दाहोदरसे सांगायचं का?

अडलेला नावाडी: १० जून, ८१°५०′. खालची कड, अर्थातच. डोळा पाण्यापासून ४ मीटर. क्रांती उत्तर २३°०१′.

रात्रपाळी: एवढी उठाठेव कशाला? ध्रुवताऱ्याचा कोन घ्या, तोच अक्षांश. मी कायम तेच करतो.

खारा वारा: 'तोच' कसा? ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून जास्त बाजूला आहे. दुरुस्ती केली नाही तर पस्तीसेक सागरी मैलांपर्यंत चुकाल. शिवाय काळोखात क्षितिज दिसतं का तुम्हाला?

रात्रपाळी: संधिप्रकाशात घ्यायचा असतो. तेवढं कळतं.

आकडेमोड: भांडण नंतर. नावाडी, कोन घेताना तोंड कुठे होतं?

अडलेला नावाडी: सूर्याकडे! आणखी कुठे असणार?

आकडेमोड: अहो, उत्तरेला की दक्षिणेला?

अडलेला नावाडी: उत्तरेला. त्याने काय फरक पडतो?

आकडेमोड: सगळा. क्रांती २३ आणि तुम्ही १५ वर, म्हणजे सूर्य तुमच्या उत्तरेकडून जातो. इथे बेरीज चालत नाही, क्रांतीतून नतांश, म्हणजे ९० वजा सूर्याचा कोन, वजा करायचे. पुस्तकातलं सूत्र सूर्य दक्षिणेला असतानाचं आहे. शिवाय दुरुस्त्या राहिल्यात. ४ मीटर उंचीला क्षितिजाचा झुकाव १.७६ × √४, म्हणजे ३.५′ वजा. खालची कड म्हणून सूर्याचा अर्धव्यास १५.८′ अधिक. सूर्य एवढा उंच असताना हवेतलं वक्रीभवन नगण्य. इंडेक्स एरर, म्हणजे सेक्स्टंटची स्वतःची चूक, शून्य धरतो. खरा कोन ८२°०२′, नतांश ७°५८′, अक्षांश १५°०३′ उत्तर.

जुनं शीड: अरब खलाशी 'कमाल' वापरायचे. लाकडाची चौकोनी फळी, मधोमध गाठी मारलेली दोरी. गाठ दातात धरायची, फळीची खालची कड क्षितिजावर, वरची ताऱ्यावर. ना तक्ता, ना आकडेमोड.

खारा वारा: आणि भर दुपारी सूर्याकडे रोखून बघायचं का त्यातून?

अडलेला नावाडी: १५°०३′ जुळतंय. पण पुस्तकवाल्यांनी हे एका ओळीत सांगायला काय हरकत होती? बरं, रेखांशही याच मापावरून निघेल ना?

आकडेमोड: नुसत्या कोनावरून नाही, वेळ लागेल. सूर्य सर्वांत उंच येतो तो क्षण नजरेने नेमका धरता येत नाही. म्हणून चढताना एक कोन घ्या, वेळ लिहा. उतरताना तोच कोन आला की पुन्हा लिहा. दोन्हींचा मध्य म्हणजे तुमचं मध्यान्ह. सूर्य इतका उंच असताना कोन भराभर बदलतो, त्यामुळे हे छान जमतं. त्या क्षणी ग्रिनिचच्या मध्यान्हाशी किती फरक आहे ते अल्मनॅकवरून, म्हणजे नाविक पंचांगावरून, काढा. ४ सेकंदांना १′ रेखांश. घड्याळ कुठलं आहे, आणि शेवटचं कधी मिळवलं होतं?