समकालीन भारतीय लेखक : गावच्या वाचक कट्ट्याने सुरुवात कुठून करावी?

खाडीकाठचा वाचक (गुहागर तालुका)

नमस्कार.

आमच्या गावच्या ग्रंथालयात महिन्यातील एका रविवारी काही वाचक एकत्र बसतात. ठरलेले पुस्तक प्रत्येकाने वाचून यायचे, एकाने त्यातील निवडक भाग मोठ्याने वाचायचा आणि मग चर्चा करायची, असा साधा क्रम आहे. श्री. ना. पेंडसे, जयवंत दळवी, चिं. त्र्यं. खानोलकर आणि मधु मंगेश कर्णिक यांच्यावर आमच्या पिढीचे पोषण झाले, याचा अभिमान आहेच. पण दळवींवर कोण काय बोलणार हे तो बोलण्याआधीच सर्वांना ठाऊक असेल, तर त्या चर्चेत राम उरत नाही. म्हणून लावणी उरकल्यानंतरच्या बैठकांत, साधारण गेल्या तीसेक वर्षांत लिहिलेली आणि मराठीबाहेरच्या भारतीय भाषांतील पुस्तके घ्यावीत, असे ठरले आहे.

अडचणी सांगतो. ज्येष्ठ सभासदांना इंग्रजी कादंबरी सलग वाचणे जड जाते, तरुण मंडळी ती सहज वाचतात आणि हिंदी सर्वांनाच येते. ग्रंथालयाचे अनुदान बेताचे असल्यामुळे एका पुस्तकाच्या फार तर दोन प्रती घेता येतील, म्हणजे जाडजूड पुस्तक एका महिन्यात सर्वांच्या हातांतून फिरणार नाही. पुरस्कारांच्या याद्या आम्हीही पाहिल्या आहेत. आम्हाला हवा आहे तो स्वतः वाचलेल्या माणसाचा सल्ला.

सावंतवाडीकर

दिल्ली-कोलकात्याकडे पाहण्याआधी आपल्याच किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत जावे, असे मी सुचवेन. बांदा ओलांडले की गोवा, त्यापुढे कारवार, अंकोला, गोकर्ण. या पट्ट्यातील तीन लेखक आपल्याला परके वाटणार नाहीत.

पहिले दामोदर मावजो. ज्ञानपीठ मिळालेले ते रवींद्र केळेकरांनंतरचे दुसरे कोंकणी लेखक. ते देवनागरीत लिहितात, त्यामुळे ज्यांच्या कानावर मालवणी आहे त्यांनी अनुवादाची वाट न पाहता मूळ कोंकणी उघडून पाहावी. पहिली दहा पाने अडखळत जातील, नंतर कान जुळतो. ‘कार्मेलीन’ ही त्यांची कादंबरी आपण घातलेल्या मुदतीपेक्षा जुनी आहे, तिला १९८३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, पण घरकामासाठी कुवेतला जाणाऱ्या गोव्यातील स्त्रीची ही गोष्ट अजून शिळी झालेली नाही.

दुसरे जयंत कायकिणी. जन्म गोकर्णचा, नोकरीची बरीच वर्षे मुंबईत, लेखन कन्नडमध्ये. त्यांच्या मुंबईविषयक कथांचा तेजस्विनी निरंजन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘नो प्रेझेंट्स प्लीज’ या नावाने प्रसिद्ध असून त्याला दक्षिण आशियाई साहित्यासाठीचा २०१८चा डीएससी पुरस्कार मिळाला. कोकणी माणसाने मुंबईवर वाचलेले बहुतेक साहित्य गिरणगावाचे किंवा चाळीचे असते. कायकिणींची मुंबई त्या दोन्हींच्या फटींतली आहे. एका कथेत बंद पडायला आलेल्या ऑपेरा हाउस चित्रपटगृहातील झाडूवाल्याला खेळ सुटल्यावर खुर्च्यांखाली कोणाचा तरी थर्मास सापडतो, आणि तो ज्याचा असेल त्याच्या विचाराने हा माणूस बेचैन होतो. एवढ्याशा वस्तूवर कथा पेलून दाखवणे सोपे नाही. कथासंग्रह असल्यामुळे दोन प्रती असल्या तरी एकेक कथा वाटून घेता येते, हा आपल्या दृष्टीने आणखी एक फायदा.

तिसरे विवेक शानभाग, त्यांची कन्नड कादंबरी ‘घाचर घोचर’. श्रीनाथ पेरूर यांचा इंग्रजी अनुवाद सव्वाशे पानांच्या आसपास आहे. बंगळूरमधील एक ओढगस्तीचे कुटुंब काकाच्या मसाल्याच्या धंद्यामुळे अचानक श्रीमंत होते आणि मग त्या पैशाला धक्का लागू नये म्हणून घरातला प्रत्येक जण काय काय पाहिले नाही असे दाखवू लागतो, हा या कादंबरीचा गाभा आहे. मोठ्याने वाचण्यासाठी कोणता भाग घ्यावा असे विचाराल, तर काकाला शोधत एक अनोळखी बाई दारात येते तो प्रसंग घ्यावा. तिने काकासाठी मसुराची आमटी करून आणलेली असते. घरातील बायका तिला वाटेल ते बोलून हाकलून लावतात आणि सांगणारा तरुण, जो आपल्याला तोवर सज्जन वाटत असतो, काही न करता उभा राहतो. काकाचा त्या बाईशी काय संबंध आहे हे विचारण्याची कोणाचीच तयारी नसते, कारण घर काकाच्या पैशावर चालते. या एका प्रसंगावर आपली दोन तासांची बैठक सहज पार पडेल, कारण असे मौन पाळणारी घरे प्रत्येकाच्या पाहण्यात असतात.

बाणकोटचा पाहुणा

वरील प्रतिसादातील ‘कार्मेलीन’ला एक जोड सुचवतो. मंडणगड-दापोलीपासून रत्नागिरीपर्यंत कितीतरी घरांतील कमावता माणूस आखातात असतो. दाभोळची किंवा हर्णैची कोणतीही आळी घ्या. असे असूनही आपल्या साहित्यात हा माणूस सुट्टीवर आलेला, अत्तराच्या बाटल्या वाटणारा, एवढाच दिसतो. तो तिकडे कसा राहतो हे मला बेन्यामिन यांच्या ‘आडुजीवितम’ने सांगितले. मूळ मल्याळम कादंबरी २००८ची, इंग्रजीत ती ‘गोट डेज’ या नावाने आली आणि २०२४मध्ये तिच्यावर ब्लेसी यांचा चित्रपट निघाला. चित्रपट पाहिलेल्यांनीही पुस्तक वाचावे.

नजीब बांधकामावरील नोकरीच्या आशेने सौदीला उतरतो आणि विमानतळावरूनच त्याला वाळवंटातील शेळ्यांच्या गोठ्यावर नेले जाते. तिथल्या सुरुवातीच्या दिवसांतच शौचानंतर तो पाणी घेतो आणि पाणी वाया घालवले म्हणून मालक, ज्याला तो अरबाब म्हणतो, त्याला मारतो. ते पाणी शेळ्यांसाठी आणलेले असते, माणसासाठी नव्हे. केरळसारख्या पाण्यात वाढलेल्या माणसावर हा नियम लादला जातो तेव्हा त्याचे काय होते, हे आपल्यासारख्या पावसाच्या मुलुखातील वाचकाला फोड करून सांगावे लागत नाही. कादंबरी लहान प्रकरणांची आहे आणि भाषा सोपी आहे. ज्या घरांतील माणसे तिकडे आहेत, त्यांना चर्चेला आवर्जून बोलवावे, पण पुस्तक कशाविषयी आहे हे आधी सांगून.

ग्रंथालय सेवक, चिपळूण

पुरस्कारांच्या याद्यांविषयी धागाकर्त्यांनी नापसंती दाखवली आहे, ती मला अर्धीच पटते. यादी कोणत्या नियमाने बनते हे कळले, तर तिचा उपयोग करून घेता येतो.

आंतरराष्ट्रीय बुकर हा इंग्रजीत अनुवाद होऊन ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रकाशित झालेल्या पुस्तकाला मिळतो आणि त्याचे पन्नास हजार पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मेनिम्मे वाटले जातात. म्हणजे ज्या भाषेकडे चांगले इंग्रजी अनुवादक आहेत, तिलाच मुळात त्या दारापर्यंत जाता येते. २०२२मध्ये गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’ या हिंदी कादंबरीला तो मिळाला, त्यात अनुवादक डेझी रॉकवेल यांचा वाटा होता, २०२५मध्ये बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ या मुस्लिम स्त्रियांविषयीच्या कन्नड कथांच्या संग्रहाला मिळाला, त्यात दीपा भास्ती यांचा. भारतातील जेसीबी साहित्य पुरस्काराकडे पाहा. २०१८ ते २०२४ या काळात तो ज्या सात पुस्तकांना मिळाला, त्यांतील पाच अनुवादित होती : तीन मल्याळम, एक उर्दू, एक तमिळ. मराठीचे एकही नाही. आपल्याकडे लेखक कमी आहेत असा याचा अर्थ मी तरी लावणार नाही. मराठीतून बाहेर नेणारे हात कमी आहेत, एवढेच त्यातून दिसते.

त्या यादीतील तमिळ लेखक पेरुमाल मुरुगन हे मात्र आपल्या कट्ट्याने सोडू नयेत. ‘मादोरुबागन’ या कादंबरीवरून गदारोळ झाल्यावर जानेवारी २०१५मध्ये त्यांनी आपल्यातील लेखक मेला असल्याचे जाहीर केले आणि जुलै २०१६मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिल्यानंतर ते पुन्हा लिहू लागले. परतल्यानंतरच्या ‘पूनाच्ची’मध्ये नायिका एक काळी शेळी आहे. माणसांविषयी लिहिणे धोक्याचे झाले म्हणून शेळी निवडली, ही त्यातील खोच लक्षात ठेवून वाचावी. इंग्रजी अनुवाद एन. कल्याण रामन यांचा. (शेळ्या दोन झाल्या खऱ्या, पण ‘गोट डेज’नंतर लगेच ही घेतली तर चर्चा रंगेल.)

खरेदीबाबत एक व्यावहारिक सूचना. ग्रंथालयाच्या मागणीवहीत लेखक, अनुवादक आणि प्रकाशक ही तिन्ही नावे लिहून विक्रेत्याला द्यावीत. नुसते पुस्तकाचे नाव दिल्यास भलतीच प्रत येऊन पडते. मराठी अनुवाद निघाला आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. आणि पुस्तके आली की खालच्या फळीवर ठेवू नयेत. जुलै २०२१च्या महापुरानंतर आम्ही चिपळूणकर तर ठेवतच नाही.

देवरुखची वाचक

किनाऱ्याने सरकत जाण्याची कल्पना आकर्षक आहे, पण मला तिच्यात एक धोका दिसतो. आपल्यासारखेच समुद्र, आपल्यासारखीच आमटी, आपल्यासारखेच आखात शोधत गेलो, तर दुसऱ्या भाषेतील लेखक वाचणे म्हणजे आरशासमोर खुर्ची मांडून बसण्यासारखे होईल. मावजो किंवा शानभाग मोठे आहेत ते आपल्यासारखे आहेत म्हणून नव्हे. निदान एक पुस्तक असे असावे की ज्यातील माणसे, हवा आणि बोलण्याची लकब आपली अजिबात नाही.

माझी शिफारस विनोद कुमार शुक्ल यांच्या ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ची. छत्तीसगडचे लेखक, १९९९चा साहित्य अकादमी पुरस्कार. सर्वांना हिंदी येते असे आपणच म्हणता, मग अनुवादाची मध्यस्थी कशाला? रघुवर प्रसाद हा लहान गावातील महाविद्यालयात गणित शिकवणारा माणूस, त्याची नवपरिणीत पत्नी सोनसी, एक खोली आणि त्या खोलीची एक खिडकी. खिडकीतून पलीकडे उतरले की नदी, तळी, झाडे. दारातून बाहेर पडले की तेच टंचाईचे गाव. आणि हा प्राध्यापक एका साधूच्या हत्तीवर बसून कामावर जातो. यात चमत्कार घडल्याचा कोणताही आव नाही, वाक्ये अगदी बाळबोध वाटतात, आणि म्हणूनच घाईने वाचणाऱ्याला पुस्तकात काहीच घडत नाही असे वाटू शकते. मोठ्याने वाचले की त्याची लय सापडते. ‘रेत समाधि’ मात्र सुरुवातीलाच घेऊ नये. भिंतीकडे तोंड करून झोपलेली ऐंशी वर्षांची आई उठेपर्यंत जी चिकाटी लागते, ती कट्ट्याने दोन-तीन पुस्तके पचवल्यावर येईल.

एक मालवणी

मराठीबाहेरचे वाचा, अवश्य वाचा. पण पेंडसे-दळवींनंतर एकदम दुसऱ्या भाषेत उडी मारली, तर मधली मराठी राहून जाईल. सावंतवाडीचे प्रवीण बांदेकर यांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ला २०२२चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, रत्नागिरीच्या अवधूत डोंगरे यांना २०१४चा युवा पुरस्कार मिळाला आहे, आणि कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’मधील धरणग्रस्त माणूस उठून गेलेल्या गावात मागे राहिलेल्या म्हशीला आणायला जातो. यांतील किती पुस्तके आपल्या ग्रंथालयात आहेत, ते एकदा पाहावे.

खाडीकाठचा वाचक (गुहागर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. बांदेकर आहेत, खोत नाहीत. मागणीवहीत नोंद केली. पहिल्या तीन बैठकांसाठी ‘घाचर घोचर’, ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ आणि ‘गोट डेज’ घेण्याचे आमच्यात ठरत आहे. इंग्रजी पुस्तकांचे निवडक भाग तरुण सभासद मराठीत करून वाचून दाखवतील.

एक प्रश्न राहतो. कट्ट्यावर कोकणी मुस्लिम घरांतील काही भगिनी नियमित येतात. ‘हार्ट लॅम्प’ घ्यावे अशी काहींची इच्छा आहे, पण त्यातील विषय पाहता चर्चा अवघड होईल का?

राजापूरची वाचक

मी स्वतः तशाच घरातली आहे, म्हणून लिहिते. पुस्तक जरूर घ्यावे. बानू मुश्ताक हासनच्या, व्यवसायाने वकील, आणि त्यांच्या कथांतील बायका कोणाच्या दयेसाठी लिहिलेल्या नाहीत. अडचण आलीच तर ती पुस्तकामुळे येणार नाही. चर्चेत सगळ्या माना आमच्याकडे वळतात आणि “तुमच्यात असेच असते का?” असा प्रश्न येतो, तेव्हा ती येते. मग आम्ही वाचक राहत नाही, साक्षीदार होतो. ‘घाचर घोचर’ वाचताना कोणी सभासदाला “तुमच्या घरी बायकांना असेच हाकलतात का?” असे विचारणार नाही, तोच शिष्टाचार येथे पाळावा.

शीर्षककथेपासून सुरुवात करू नये. नवऱ्याने दुसरीकडे लक्ष घातले म्हणून माहेरी आलेली आणि भावांनी परत पाठवलेली मेहरून तिच्यात आहे, आणि ती कथा ज्या टोकाला जाते ते पाहता तिच्यावर लगेच बोलणे कठीण होते. संग्रहातील पहिली कथा घ्यावी. बायकोच्या प्रेमात महाल बांधण्याच्या गोष्टी करणारा नवरा ती गेल्यावर किती लवकर दुसरा संसार मांडतो आणि धाकट्या भावंडांना कोण सांभाळते, हे त्यात आहे. हसत हसत सुरू होणारी कथा आहे, आणि नवऱ्याच्या तोंडची ती प्रेमाची भाषणे एखाद्या पुरुष सभासदाने वाचावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

माझ्याकडे इंग्रजी प्रत आहे. गणपतीनंतर गुहागरकडे जाणारे कोणी असेल तर त्यांच्याबरोबर पाठवते. दिवाळीपर्यंत ठेवली तरी चालेल.