हळद-बेदाण्याच्या फोटोचा रंग सुधारणं ही फसवणूक आहे का?

कृष्णाकाठ_सांगली:
आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एकाने ठणकावून लिहिलंय की खाण्याच्या मालाचा फोटो निघाला तसाच पाठवावा, एडिट केला की फसवणूक. मला हे अजिबात पटत नाही. राजापुरी हळदीची पावडर ताटभर पसरा आणि मोबाईलवर फोटो घ्या. फ्रेमभर पिवळंच दिसल्यावर ऑटो व्हाइट बॅलन्सला (उजेडाचा रंग ओळखून फोटोचे रंग आपोआप जुळवणारी कॅमेऱ्याची सोय) वाटतं की उजेडच पिवळा आहे. मग तो फोटोत निळा मिसळतो आणि चांगली हळद फिकट, मळकट दिसते. म्हणजे ‘एडिट न केलेला’ फोटो कॅमेऱ्याने आधीच एडिट केलेला असतो, तोही चुकीचा. मी मालाशेजारी ग्रे कार्ड, म्हणजे कुठल्याच रंगाची झाक नसलेलं करडं कार्ड, ठेवून एक फोटो घेतो, लाइटरूम या फोटो एडिट करायच्या अॅपमधला रंग टिपणारा ड्रॉपर त्या करड्यावर टेकवतो आणि तेच सेटिंग बाकीच्या फोटोंना लावतो. कार्डाऐवजी पांढरा कागद चालवू नका, बऱ्याच कागदांत पांढरेपणासाठी घातलेलं रसायन निळसर झाक देतं. एवढी दुरुस्ती न करणं हाच मालावर अन्याय आहे.

तासगावचा_बेदाणा:
हळदीचं ठीक. पण आमच्याकडे सौद्यात भाव रंगावर ठरतो, हिरव्याचा वेगळा, पिवळ्याचा वेगळा, काळ्याचा वेगळा. एचएसएलमध्ये, म्हणजे एडिटिंगमध्ये एकेक रंग वेगळा बदलायच्या सोयीत, पिवळ्याची ह्यू (रंगछटेची) पट्टी जरा हिरव्याकडे सरकवली की पिवळा माल हिरवट दिसतो. परगावचा खरेदीदार व्हॉट्सअॅपवर बघून हो म्हणतो आणि गाडी उतरल्यावर भांडण. तुम्ही सरळ वागाल हो, पण ती पट्टी सगळ्यांच्याच मोबाईलात आहे. बॉक्स दिवसाउजेडी उघडा आणि व्हिडिओ कॉल करा, सॉफ्टवेअर नकोच.

कृष्णाकाठ_सांगली:
दादा, व्हिडिओ कॉललाही ऑटो व्हाइट बॅलन्स असतोच की. शेजारी लाल क्रेट आलं की बेदाण्याचा रंग लगेच बदलतो. ह्यूचं मात्र तुमचं खरं आहे. व्हाइट बॅलन्स अख्ख्या फोटोला लागतो, एचएसएल एकच रंग धरून बदलतं. विकायच्या मालाच्या फोटोत एचएसएलला हात लावूच नये.

साताऱ्याची_न्याहारी:
तुम्ही दोघं मालाचं बोलताय, माझं मिसळीचं हॉटेल आहे. डिलिव्हरी अॅपवर शेजारची मिसळ लालभडक आणि माझी फिकी दिसली तर गिऱ्हाईक तिकडेच जाणार. चवीचा फोटो निघत नाही, मग भूक लागेल असा रंग चढवला तर बिघडलं काय? मी सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवतो आणि वाढवणार.

कृष्णाकाठ_सांगली:
त्याने नुकसान तुमचंच होतंय. सॅच्युरेशन ताणलं की फोटोतला लाल चॅनेल 255 ला, म्हणजे त्याच्या कमाल आकड्याला, जाऊन थडकतो. मग कटावरचा तवंग, त्यातून डोकावणारी मटकी, फरसाणाच्या कडा सगळं एकच लाल डाग होतं. खिडकीजवळ बाजूच्या उजेडात फोटो घ्या, एक्स्पोजर थोडं कमी ठेवा, ट्यूबलाइट बंद करा. तवंग आपोआप चमकेल.

मिरजेची_ताई:
मला भडक रंगाची वेगळीच भीती वाटते. फोटोत झगमगता पिवळा बघून बघून गिऱ्हाइकाला तोच खरा वाटायला लागतो, आणि दुकानातली साधी हळद त्याला भेसळीची वाटते. उलट मेटॅनिल यलो आणि शिसं असलेलं लेड क्रोमेट हे भेसळीचे पिवळे रंग हळदीत घालतात ते याच झगमगाटासाठी, आणि शिसं पोरांच्या मेंदूवर परिणाम करतं. सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालंय, तिला भडक करायची गरज काय? शिवाय 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे. न्याहारीवाले दादा, तुम्हीही वाचा.

तासगावचा_बेदाणा:
ताईंशी सहमत. कृष्णाकाठ, मग एक करा, ते ग्रे कार्ड कापून टाकू नका, फोटोतच राहू द्या. समोरच्याला करडा करडाच दिसला तर मी व्हाइट बॅलन्स मानतो.

कृष्णाकाठ_सांगली:
कार्ड ठेवतो, हे मला मंजूर. पण समोरच्याच्या मोबाईलवर व्हिव्हिड मोड (रंग जास्त भडक दाखवणारं स्क्रीनचं सेटिंग) असेल तर करडा नीट दिसूनही पिवळा भडकच दिसेल.

तासगावचा_बेदाणा:
म्हणूनच म्हणतो, मोठा सौदा असेल तर फोटोवर भाव ठरवूच नका. पाव किलोचा नमुना आधी कुरियरने पाठवा.