पद्यातलं बायबल: पेत्रुस रिगाची ‘आउरोरा’

छंदोबद्ध बायबल म्हणजे पाठांतराची सोय, त्यात काव्य नाही, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. फ्रान्समधल्या रेम्स शहरातला कवी पेत्रुस रिगा याने १२व्या शतकाच्या अखेरीस रचलेली ‘आउरोरा’, म्हणजे लॅटिन पद्यातलं बायबल, घ्या. तिच्या अडीचशेहून जास्त हस्तलिखित प्रती आज शिल्लक आहेत.

अनेक प्रतींत पान उघडताच डोळ्यांत भरते ती द्विपदींची मांडणी. पहिली ओळ सहा गणांची, दुसरी पाच गणांची, आणि दुसरी जरा आत सरकवलेली. ओळीचं पहिलं अक्षर बाकीच्या शब्दापासून सुटं, त्यावर लाल शाईचा हलका स्पर्श. समासात बारीक अक्षरांत टिपा. म्हणजे हे वर्गात शिकवलं जात होतं, हे खरंच. पण तेवढंच नव्हतं.

यातला ‘रेकापितुलातिओनेस’ (सारांशरूप उजळणी) हा भाग बघाच. २३ तुकडे, लॅटिन वर्णमालेतल्या प्रत्येक अक्षराला एक, आणि त्या तुकड्यात ते अक्षर पूर्ण वर्ज्य! पहिल्यात ‘A’ चालत नाही, म्हणजे आदाम आणि हव्वा ही नावंच घेता येत नाहीत (लॅटिनमध्ये दोन्हींत ते अक्षर आहे). निव्वळ घोकंपट्टीसाठी कोण एवढा जीव ओततो?

अशा हस्तलिखित प्रतीचं वर्णन करताना एक गोष्ट मात्र आधी तपासावी. रिगाने स्वतः मजकूर वाढवत नेला, पुढे पॅरिसच्या एगिडियुसने त्यात दुरुस्त्या केल्या आणि भर घातली. त्यामुळे नुसतं ‘आउरोरा’ लिहून भागत नाही, मजकुराचं कोणतं रूप (पाठ) समोर आहे ते नोंदवावं लागतं.