शेजारच्या काकूंचा ब्राउझर कोणी निवडायचा?

इंदिरानगरकर

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकू जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. वय ६७. यंदा त्यांनी मुक्त विद्यापीठात नाव घातलंय आणि मुलाने पुण्याहून त्यासाठी लॅपटॉप पाठवलाय. परवा संध्याकाळी दार वाजवून म्हणाल्या, "अरे, ते इंटरनेट उघडायचं कोणतं चांगलं? तुझ्याकडे आहे तेच टाकून दे बाबा."

माझ्याकडे फायरफॉक्स आहे, कित्येक वर्षं आहे आणि मला तो मनापासून आवडतो. पाच मिनिटांचं काम होतं. तरी मी "रविवारी निवांत बसू" म्हणून वेळ मागून घेतला. कारण तळमजल्यावरचे तात्या.

दोन वर्षांपूर्वी तात्यांना मी असाच फायरफॉक्स टाकून दिला होता. जाहिराती अडवायला युब्लॉक ओरिजिन लावलं आणि गोंधळ नको म्हणून क्रोमचं चिन्ह डेस्कटॉपवरून काढून टाकलं. तात्यांचे सगळे पासवर्ड क्रोमच लक्षात ठेवत होता, हे मी विचारलंच नाही. त्यांनी बँकेत शिरायला आठवेल तो पासवर्ड टाकला, चुकला, परत टाकला, परत चुकला आणि खातं बंद पडलं. ऐन मे महिन्यात शाखेत दोन चकरा झाल्या. मला एका शब्दाने बोलले नाहीत. लाइट बिल भरायला ते कोपऱ्यावरच्या नेट कॅफेत जाऊ लागले, हे मला चार महिन्यांनी वॉचमनकडून कळलं. घरात लॅपटॉप असून! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर आपली आवड बसवू नये. त्याला काय काय करायचंय ते विचारावं, दोन-तीन पर्याय दाखवावेत, प्रत्येकाचं बरंवाईट सांगावं आणि हात मागे घ्यावा. तुम्हाला काय वाटतं?

सातपूरचा_फिटर

मला हे पटलं नाही, स्पष्टच सांगतो.

काकूंनी तुम्हाला विचारलं, कारण यातलं तुम्हाला कळतं असा त्यांचा विश्वास आहे. विश्वासाने विचारणाऱ्याला "तुम्हीच ठरवा" म्हणणं म्हणजे जबाबदारी झटकणं. आमच्या शॉपमध्ये नवा पोरगा विचारतो, कोणता पाना घेऊ? मी चार पाने मांडून बसत नाही. नट बघतो आणि तेरा नंबर हातात देतो.

तात्यांच्या बाबतीत चूक फायरफॉक्स देण्यात नव्हती. पासवर्ड कुठे आहेत ते न विचारण्यात होती. क्रोममधून पासवर्डची फाइल काढून फायरफॉक्समध्ये घेता येते. ती फाइल कोणालाही वाचता येते, म्हणून काम झालं की पुसून टाकायची, एवढंच भान ठेवायचं. अर्ध्या तासाचं काम राहून गेलं आणि खापर तुम्ही मत देण्यावर फोडताय.

आणि पर्याय पर्याय म्हणता, ते आहेत तरी किती? क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, सगळ्यांच्या पोटात क्रोमियमच आहे, म्हणजे पानं उघडून दाखवणारं आतलं इंजिन एकच. मायक्रोसॉफ्टनेही २०२० साली एजसाठी स्वतःचं इंजिन सोडून तेच घेतलं. विंडोजवर वेगळ्या इंजिनाचा म्हणावा असा नावाजलेला फायरफॉक्स तेवढा उरलाय. हे सगळं ६७ वर्षांच्या बाईंना समजावत बसणार? सरळ एक द्या आणि अडलं तर मी आहे म्हणून सांगा.

जुन्या_नाशकातली

फिटरदादा, नटाला आवडनिवड नसते, माणसाला असते. तेरा नंबरच्या नटाला तेराचाच पाना लागतो, पण काकूंना अमुकच ब्राउझर लागतो असं तुम्ही त्यांना न भेटता कसं म्हणता?

इंजिन एक असलं म्हणून सगळं एक होत नाही. क्रोम गुगलचा आणि गुगलचं पोट जाहिरातींवर चालतं. क्रोमने एक्स्टेन्शनचे, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या सोयींचे, नियम बदलले आणि ज्या युब्लॉक ओरिजिनचं इंदिरानगरकरांनी नाव घेतलं ते पूर्ण रूपात तिथे बंद झालं, आता हलकी आवृत्ती चालते. फायरफॉक्समध्ये मूळचं अजून चालतं. हे फायरफॉक्सवाले हिरिरीने सांगतात. मात्र मोझिलाच्या, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्यांच्या, उत्पन्नाचा मोठा वाटा गुगलला ठरलेलं सर्च इंजिन म्हणून ठेवण्याच्या करारातून येतो, हे त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकू येतं. मी स्वतः फायरफॉक्स वापरते, म्हणून बोलते आहे. यातलं आपल्या सोयीचं तेवढं सांगितलं की समोरचा आपल्याच बाजूला येणार हे ठरलेलं असतं, आणि वर आपण म्हणायचं, बघा, त्यांनी स्वतः निवडलं.

दुसरं, काकू शिक्षिका होत्या. चाळीसेक मुलांचा वर्ग सांभाळलेल्या बाईंना दोन गोष्टींतला फरक समजणार नाही, हे गृहीत धरणंच मला खटकतं. संगणक उशिरा हातात आला म्हणून डोकं उशिरा आलेलं नसतं.

निफाडची_सून

थोडं वेगळं सांगते. आमच्या मामंजींचा फोन मध्यंतरी दर अर्ध्या तासाने किंचाळायचा. "तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस", "बॅटरी जळणार". मामंजी इतके घाबरले की फोन रात्री ओसरीत ठेवायला लागले. माझा धाकटा दीर म्हणाला, क्रोमच खराब आहे, दुसरा ब्राउझर टाकतो. टाकलाही. मामंजींना त्यात काही सापडेना, लासलगावचे कांद्याचे भाव बघायचं रोजचं पान कुठे गेलं म्हणून चिडचिड सुरू झाली. आणि व्हायरसच्या धमक्या येतच राहिल्या, कारण जुना क्रोम फोनमध्ये होताच.

मी एक दिवस शेजारी बसून विचारलं, "मामंजी, हे कधीपासून?" भावाचं कुठलंसं पान उघडलं तेव्हापासून, म्हणाले. त्या पानाने सूचना पाठवू का विचारलं होतं आणि यांनी "अनुमती द्या" दाबलं होतं. दाबल्याशिवाय पान उघडणार नाही असं त्यांना वाटलं. सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, सूचना. तिथे ती साइट बसलेली होती, तिची परवानगी काढली, झालं. दोन मिनिटं लागली. त्यांचं भावाचं पान पुन्हा समोर आल्यावर त्यांनी फोन माझ्याकडून घेऊन दोन्ही हातांत धरला, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून मला वाटतं, कोणता ब्राउझर हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, आत्ता जे आहे त्यात अडतंय काय? नव्या लॅपटॉपवर एज आधीच असणार. काकूंनी तो उघडून तरी पाहिलाय का?

सेतूवाला_नाशिकरोड

मी नाशिक रोडला महा ई-सेवा केंद्र चालवतो. तुमची चर्चा चांगली आहे, पण निवडीचा इतका मान राखताना एक जागा अशी आहे जिथे मी कोणाचं ऐकत नाही.

माझ्याकडे लोक लॅपटॉप घेऊन येतात, सातबारा उघडत नाही, फॉर्म अडकतो. बघावं तर विंडोज ७ आणि क्रोम १०९. त्यापुढचा क्रोम त्यावर बसतच नाही, २०२३ च्या फेब्रुवारीपासून. म्हणजे तेव्हापासून सापडलेली सगळी भोकं तशीच उघडी. एक गृहस्थ अजून इंटरनेट एक्सप्लोररवरच बँक उघडायला बघत होते. मायक्रोसॉफ्टने तो जून २०२२ मध्ये निवृत्त केलाय. "मला हाच सवयीचा आहे," म्हणाले. मी त्यांना समजावलं, त्यांनी ऐकलं नाही, तेव्हा मी बँकेचं काम त्यावर करून द्यायला नकार दिला. ते रागावून गेले. आजही तसंच करेन.

नवा लॅपटॉप असला तरी एक गोष्ट काकूंना शिकवाच. पुष्कळ लोक लॅपटॉप कधी बंदच करत नाहीत, नुसतं झाकण मिटतात. ब्राउझरचं अपडेट उतरून पडलेलं असतं, पण तो बंद करून परत उघडल्याशिवाय लागू होत नाही. महिना महिना तसाच चालतो. आठवड्यातून एकदा पूर्ण बंद करायचा, एवढी सवय लावा.

कोणता चिन्हाचा रंग आवडतो ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. जुनं व्हर्जन चालू ठेवणं ही आवड नाही, ते दार उघडं टाकून गावाला जाणं आहे.

इंदिरानगरकर

सेतूवाले दादा, हे मान्य. निफाडच्या ताई, तुमचा प्रश्न वाचून मला एकदम उठून बसावंसं वाटलं. मी काकूंना तो विचारलाच नव्हता.

काल रविवारी बसलो. काकूंनी लॅपटॉप पाटावर ठेवला होता, शेजारी वही आणि पेन. मी आधी विचारलं, "काकू, यावर काय काय करायचंय?" त्यांनी वहीतच लिहून ठेवलं होतं: विद्यापीठाची पुस्तकं, नातीशी बोलणं, पेन्शनचं खातं, कीर्तन. मग हळू आवाजात म्हणाल्या, "वाचायला त्रास होतो रे. मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. अर्ध्या तासात डोळ्यांतून पाणी येतं." हे मला माहीत नव्हतं. समोरासमोर राहतो आम्ही.

एज, क्रोम आणि फायरफॉक्स, तिन्ही ठेवले. माऊस त्यांच्याच हातात दिला आणि मी खुर्ची मागे घेतली. एकच लेख तिन्हींत उघडायला सांगितला. मला काय आवडतं आणि का, हेही सांगितलं, गुगलच्या पैशाचं धरून. फायरफॉक्समधलं वाचनाचं पान, म्हणजे जाहिराती-बिहिराती जाऊन नुसता मजकूर मोठ्या अक्षरात, ते त्यांना आवडलं. मग एजमध्ये मी कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकदम दाबायला सांगितलं. आवाजांच्या यादीत मराठी निवडलं आणि लॅपटॉप लेख वाचू लागला. काकूंनी पेन खाली ठेवलं. दोन परिच्छेद ऐकेपर्यंत त्या हलल्या नाहीत. "उच्चार बरे आहेत की," म्हणाल्या, आणि एका जोडाक्षरावर त्याची चूकही काढली.

वहीत त्यांनी लिहिलं: निळी-हिरवी लाट, वाचून दाखवतो.

एज हा माझ्या यादीत शेवटचा होता. मी आपणहून तो कधीच दिला नसता.

सातपूरचा_फिटर

छान झालं, मनापासून सांगतो. पण माझा मुद्दा यातून सिद्धच होतो. वाचून दाखवण्याची सोय एजमध्ये आहे हे तुम्हाला ठाऊक होतं म्हणून काकूंपर्यंत ते पोचलं. डोळ्यांचं कळल्यावर तुम्ही त्यांना ते दाबायला सांगितलंत, म्हणजे नट बघून पाना दिलात. याला मी सल्लाच म्हणतो.

शिवाय ते तीन कोणी ठरवले? ब्रेव्ह का नाही, विवाल्डी का नाही? तुम्ही ताट वाढलंत आणि म्हणालात, हवं ते खा.

जुन्या_नाशकातली

हा प्रश्न मोठमोठ्यांनाही सुटलेला नाही. युरोपियन आयोगाने मायक्रोसॉफ्टला विंडोजवर ब्राउझर निवडायची खिडकी दाखवायला लावली होती, २०१० मध्ये. त्यात १२ ब्राउझर होते. पहिले पाच समोर, बाकीचे बाजूला सरकवल्यावर दिसायचे. कोण आधी दिसतो यानेही फरक पडतो, म्हणून त्यांचा क्रम दर वेळी बदलायचा. पुढे एका अपडेटनंतर ती खिडकी वर्षभराहून जास्त काळ दिसेनाशी झाली आणि २०१३ मध्ये ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड बसला. ताट कोण वाढतो, हा प्रश्न तिथेही होताच.

फिटरदादा, तुमचं म्हणणं मी अर्धं मान्य करते. माहिती असलेल्याने गप्प बसू नये. पण क्रम बघा ना. आधी विचारलं, मग डोळ्यांचं कळलं, मग ती सोय आठवली. आल्या दिवशी पाच मिनिटांत फायरफॉक्स टाकला असता तर मोतीबिंदूचा विषय निघाला असता का?

सातपूरचा_फिटर

निघाला नसता. हे बरोबर. तरीही "तुझ्याकडे आहे तेच टाक" म्हणणारे सगळेच वही घेऊन बसत नाहीत. माझे सासरे दुसऱ्या वाक्याला उठून जातात. त्यांना मी एकच देणार, पासवर्ड मात्र आधी विचारून.

निफाडची_सून

तात्यांचं पुढे काय झालं?

इंदिरानगरकर

आज सकाळी गेलो होतो. माझी चूक झाली तात्या, असं सांगितलं. ते म्हणाले, "बस. चहा घेणार ना?" क्रोम लॅपटॉपमध्येच होता, चिन्ह तेवढं मी काढलं होतं. ते परत डेस्कटॉपवर आणलं, डावीकडे वर, पूर्वी होतं तिथे. जुने पासवर्ड त्यात होते, बँकेचा बदललेला सोडून. फायरफॉक्स काढू का, विचारलं.

"नको, राहू दे," तात्या म्हणाले. "पेपर त्यातच वाचतो मी, जाहिराती मध्ये येत नाहीत. बँक यात, पेपर त्यात."

मग चष्मा पुसून त्यांनी लाइट बिलाचा कागद शोधायला ड्रॉवर उघडला.