'वू'ची फोड: शस्त्र थांबवणं की शस्त्र घेऊन चाल करणं?

काळी शाई
वूशू या चिनी युद्धकलेतलं 'वू' आणि बुशिदो या जपानी सामुराईंच्या आचारधर्मातलं 'बु' हे एकच चिनी अक्षर. त्यात दोन घटक: 'गे', म्हणजे लांब दांड्याला आडवं पातं बसवलेलं शस्त्र, आणि 'झी', म्हणजे थांबणं. त्यावरून 'शस्त्र थांबवतो तोच खरा वीर' असं मार्शल आर्टवाले ऐकवतात. माझ्या मते ही फोड साफ चूक. चीनच्या प्राचीन शांग राजवटीतल्या अस्थिलेखांत, म्हणजे हाडांवर नि कासवाच्या कवचांवर कोरलेल्या लेखांत, 'झी' म्हणजे चक्क पाऊल, बोटांसकट काढलेलं. 'थांबणं' हा अर्थ मागाहून चिकटला. शस्त्राखाली पाऊल, म्हणजे सैन्य निघालंय!

वाटसरू
ही फोड क्लासवाल्यांची नाही हो. 'झुओझुआन' या जुन्या चिनी इतिहासग्रंथात ती छू राज्याच्या राजा झुआंगच्या तोंडी आहे. इ.स.पू. ५९७, बी इथल्या लढाईत छूने जिन राज्याचा धुव्वा उडवला. राजाच्या पदरचा पान दांग म्हणाला, शत्रूच्या मढ्यांचा ढिगारा रचू, पुढच्या पिढ्यांना पराक्रम कळेल. राजाने साफ नाही म्हटलं: 'थांब' आणि 'गे' मिळून 'वू' होतं. मग वूची सात कामं सांगितली. त्यांत जुलूम रोखणं, लोकांना स्वस्थता देणं, संपत्ती वाढवणंही आहे.

काळी शाई
जुनी म्हणून बरोबर? चिनी कोशकार शू शेननेही इ.स. १००च्या सुमारास आपल्या अक्षरकोशात तेच उचललं. अस्थिलेख ओळखले गेले १८९९मध्ये, त्याला कुठून दिसणार! चालणं या अर्थाच्या 'बू' अक्षरात एकावर एक दोन पावलं आहेत. तिथे कोण थांबलंय?

तिरकस
मग आपल्याकडे शब्दांच्या व्युत्पत्त्या सांगणाऱ्या निरुक्तकार यास्कालाही निकालात काढा. अग्नी का, तर 'अग्रणी' असतो म्हणून!

काळी शाई
यास्क अग्नीच्या चार-पाच व्युत्पत्त्या देतो, एकीवर अडून बसत नाही. आणि हेच 'वू' नावात मिरवणारे बघा: राजा वूने शांग राजवट उलथली, हान राजवटीच्या सम्राट वूने उत्तरेकडच्या भटक्या श्योंग्नूंवर मोहिमांमागून मोहिमा काढल्या. हे शस्त्र थांबवणारे?

वाटसरू
राजा वूचं नाव काढलंत ते बरं झालं. झुआंग त्याच भाषणात त्याचाच दाखला देतो: शांग जिंकल्यावर वूने स्तोत्र रचलं की ढाली नि गे गोळा करा, धनुष्यबाण भात्यात घाला. कोरणाऱ्याने काय काढलं हे तुमचं खरं असेल, पण त्या दिवशी मढ्यांचा ढिगारा झाला नाही तो झुआंगच्या फोडीमुळे.

काळी शाई
ती मुत्सद्देगिरी. कोशात मात्र पाऊलच लिहा.