मॅक्युलाच्या इंजेक्शनांचा आईला गुण का येत नाही?

दादरकर
माझ्या 74 वर्षांच्या आईच्या उजव्या डोळ्यात मॅक्युलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाच्या, ऱ्हासाचा ओला (पाणी साचण्याचा) प्रकार असल्याचे निदान झाले असून रॅनिबिझुमॅबची पाच इंजेक्शने झाली आहेत. पहिल्या तीन इंजेक्शनांनंतर ओसीटीमध्ये (पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) सूज उतरलेली दिसली. परंतु पावसाळ्यात बाबांच्या आजारपणामुळे चौथे इंजेक्शन दोन महिने लांबले आणि आता पडद्याखाली पुन्हा पाणी साचले आहे. डावा डोळा झाकला की खिडकीचे मधले दोन गज तिला अजूनही वाकडे दिसतात आणि तांदळातला खडा ती बोटांनी चाचपून काढते. तिच्या सुमारासच उपचार सुरू केलेल्या शेजारच्या काकू मात्र आता वर्तमानपत्र वाचतात. औषध एकच असताना असे का व्हावे?

निवृत्त नेत्रतज्ज्ञ, मुलुंड
प्रथम हे पाहावे की पाणी हटत नाही, की पाणी हटूनही नजर येत नाही. हे औषध व्हीईजीएफ या प्रथिनाला अडवून नव्या, गळक्या रक्तवाहिन्यांना आवर घालते. मात्र उपचाराला उशीर होऊन पडद्याखाली व्रण धरला असेल किंवा प्रकाशपेशी मेल्या असतील, तर कोणत्याही इंजेक्शनाने त्या परत येत नाहीत. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या, याच औषधाच्या मरीना चाचणीतसुद्धा, जिथे इंजेक्शन दरमहा न चुकता दिले जात होते, तक्त्यावर तीन ओळींची सुधारणा एक चतुर्थांश ते एक तृतीयांश रुग्णांतच झाली होती. नजर टिकली हादेखील गुणच आहे, हे घरच्यांना पटवणे मला नेहमी जड गेले.

आपल्या आईंची सूज आधी उतरली होती, म्हणजे औषध लागू पडत होते, आणि दोन महिन्यांच्या खंडात त्याचा असर संपला, असे मला वाटते. तरीही वेळेवर इंजेक्शने देऊन पाणी राहिलेच, तर पॉलिपॉइडल विकार आहे का, हे अवश्य विचारा. आशियाई रुग्णांत तो बराच आढळतो. त्यात रक्तवाहिन्यांना फुग्यांसारखे उंचवटे येतात आणि ते नीट दिसण्यासाठी इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य शिरेतून देऊन अँजिओग्राफी करावी लागते. आशियातील रुग्णांवरच्या एव्हरेस्ट-2 चाचणीत नुसत्या रॅनिबिझुमॅबने वर्षभरात सुमारे 35 टक्के रुग्णांचे उंचवटे पूर्ण बुजले, तर जोडीला प्रकाशोपचार (व्हर्टेपोर्फिन हे औषध शिरेतून देऊन त्यावर लेझर सोडणे) दिल्यावर 69 टक्के रुग्णांचे.

बोरिवलीकर
माझ्या वडिलांचे निदानच चुकले होते. एका रुग्णालयात वर्षभर इंजेक्शने झाली आणि पाणी तसूभर हलले नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी जुनी औषधे विचारली, तेव्हा दम्यासाठी चाललेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांचा उल्लेख निघाला. तो जुनाट सेंट्रल सीरस रेटिनोपॅथीचा आजार होता; त्यातही पडद्याखाली पाणी साचते, पण स्टिरॉइडमुळे तो बळावू शकतो. ते वर्ष आम्हाला फार महागात पडले, म्हणून कळकळीने सांगतो, चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा.

दादरकर
मनापासून आभार. औषध बदलून अफ्लिबरसेप्ट द्यावे का, असे डॉक्टर म्हणत होते. ते आधी करावे का?

निवृत्त नेत्रतज्ज्ञ, मुलुंड
औषध बदलल्यावर काही जणांचे पाणी आटते, पण नजर त्या प्रमाणात सुधारतेच असे नाही. माझ्या मते आधी खंड भरून काढावा. पाणी पडद्याच्या आत आहे की खाली, हेही विचारा, कारण आतले पाणी नजरेला जास्त बाधते, तर खालचे थोडे राहिलेले पाणी काही वेळा चालवून घेतले जाते.

दादरकर
मंगळवारची वेळ मिळाली आहे. ओसीटीच्या सगळ्या प्रती तारखांप्रमाणे लावून, आईच्या गोळ्यांच्या डब्यासह नेते. पुढच्या इंजेक्शनाच्या दिवशी बाबांजवळ थांबायला मावशीला आजच सांगून ठेवले आहे.